शंतनुराव किर्लोस्कर : विहिरीवरचं इंजिन आणि त्याच्या पोटातलं ऑईल

मराठवाड्यात जुन्या माणसांना विहिरीवरच्या इंजिनाबद्दल विचारा. ते बहुतेक वेळा इंजिन म्हणणारच नाहीत, किर्लोस्कर म्हणतील. कंपनीचं नाव वस्तूचंच नाव होऊन बसलं. ही इंजिनं बनवणारा कारखाना उभा केला तो शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी. आज त्यांचा जीवनप्रवास बघू. सोबत त्या इंजिनाच्या पोटातही डोकावू, कारण शेतकऱ्याच्या हातात गेलेलं यंत्र किती वर्षं चालणार हे शेवटी ऑईल आणि फिल्टर ठरवतात.

निवडुंगाच्या माळावरचं बालपण

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ चा, सोलापूरचा. वडील लक्ष्मणराव मुंबईत तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत शिकवायचे. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, तिथे सायकलींचा धंदा केला, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत तेव्हा होती, त्यामुळे नांगर खपायला वेळ लागला. त्यातच बेळगावची जागा सोडावी लागली. औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रेल्वे स्टेशनजवळ जागा देऊ केली आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात येतं.

सात वर्षांचा शंतनू तिथे आला तेव्हा सगळा उजाड माळ होता, निवडुंग आणि सापांचा. १९८२ मध्ये आलेल्या इंग्रजी आत्मचरित्राच्या नावात त्यांनी निवडुंग आणि गुलाब एकत्र आणले, त्यातला निवडुंग हा. कारखाना आणि घर एकाच आवारात असल्यामुळे भट्टी, ओतकाम, लेथ हे सगळं त्यांनी शाळकरी वयातच पाहिलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी जवळून पाहिली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे पत्र सुरू केलं. पुढे त्याचं मोठं मासिक झालं, पण सुरुवात होती कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत मराठीतून पोचवण्याची. यंत्र विकायचं तर ते समजावूनही सांगावं लागतं, हे या घराला लवकर कळलं होतं.

बोस्टनहून परत, मोटेच्या जागी पंप

१९२२ मध्ये शंतनुराव अमेरिकेला गेले. बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ साली ते मेकॅनिकल इंजिनीअर झाले आणि सरळ किर्लोस्करवाडीला परतले. त्या काळात कारखाना नांगरापुरता राहिला नव्हता. उसाचे चरक आणि पाण्याचे पंप यांच्याकडे तो वळत होता.

पंपाचं महत्त्व समजायचं तर आधी मोट आठवावी लागते. बैलांची जोडी, कातड्याची मोट, नाडा, आणि धावेवरून दिवसभर खाली-वर. विहीर खोल गेली की बैल दमायचे, माणूसही दमायचा. सेंट्रिफ्युगल पंप हे काम सलग करतो, पण त्याला फिरवायला कोणीतरी हवं. खेड्यात वीज नव्हती. म्हणजे डिझेल इंजिन हवं, आणि ते बाहेरदेशातून यायचं. पंप इथला आणि इंजिन परक्याचं, ही अडचण शंतनुरावांना सोडवायची होती.

१९४६ : खडकीचा कारखाना

दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स कंपनी सुरू झाली. नावातलं ऑईल म्हणजे जळणारं तेल, डिझेल. आपण ज्याला इंजिन ऑईल म्हणतो ते वेगळं, त्याकडे पुढे येऊच.

सुरुवातीलाच घाव बसला. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची जाळपोळ झाली. राखेतून तो पुन्हा उभा करावा लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निजामाची राजवट संपली. मुखेड, कंधार, देगलूर हा सगळा भाग तोपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याच्या महिनाभर आधी, २६ सप्टेंबरला, लक्ष्मणराव वारले. पुण्यातल्या मॉडेल कॉलनीतल्या शंतनुरावांच्या बंगल्याचं नाव लकाकी. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांची ती आद्याक्षरं.

मुखेडसारख्या तालुक्यात या इंजिनाला काम भरपूर होतं. बालाघाटच्या डोंगररांगांचा भाग, पाऊस बेभरवशाचा, विहिरी खोल. १९७२ च्या दुष्काळात तर पाणी जितकं खाली गेलं, तितकी ते वर खेचणाऱ्या यंत्राची गरज वाढली. बैलगाडीत घालून इंजिन या विहिरीवरून त्या विहिरीवर न्यायचं हे नेहमीचं दृश्य होतं. पण ऐन उन्हाळ्यात इंजिन जाम झालं तर? कारखाना पुण्यात, मिस्त्री तालुक्याला, आणि पीक मात्र उभ्या उभ्या वाळायचं. अशा वेळी इंजिन वाचवणारा माणूस एकच, ते चालवणारा.

ऑईलची पातळी एवढी महत्त्वाची का?

विहिरींवर ढोबळमानाने दोन तऱ्हेची इंजिनं दिसायची. एक जुन्या लिस्टर धाटणीचं, मोठ्या चाकाचं, मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या आसपास संथ फिरणारं. दुसरं आकाराने लहान पण वेगवान. किर्लोस्करचं पाच अश्वशक्तीचं एव्ही-१ हे या दुसऱ्या प्रकारातलं. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, मिनिटाला १५०० फेरे. इंजिनीअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांमध्येही हे इंजिन बसवलेलं असतं.

संथ इंजिनात ऑईल उडवून पसरवायची सोपी युक्ती असते. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला पळीसारखा भाग असतो. प्रत्येक फेऱ्यात तो खालच्या ऑईलमध्ये बुडतो आणि ते वर उडवतो. इथे पातळीला किती किंमत आहे ते लगेच लक्षात येईल. ऑईल बोटभर कमी झालं तर पळी पोचतच नाही आणि बेअरिंग कोरडं घासतं. जास्त झालं तर ती ऑईल घुसळत बसते, इंजिन तापतं, जादा ऑईल रिंगांवरून वर जाऊन जळतं आणि निळा धूर येतो.

वेगवान इंजिनात छोटा पंप चेंबरमधलं ऑईल ओढून दाबाने बेअरिंगपर्यंत पाठवतो. हिशोब करा : १५०० फेऱ्यांनी आठ तास पाणी दिलं तर क्रँक ७ लाख २० हजार वेळा फिरतो. एवढ्या वेळा धातू धातूला न घासण्याचं कारण म्हणजे मधला ऑईलचा पातळ थर, केसापेक्षाही कितीतरी बारीक. पातळी कमी असली तर पंप ऑईलबरोबर हवा ओढतो आणि हा थर तुटतो. पातळी फार जास्त असली तर फिरणारा क्रँक ऑईलला फेस आणतो, आणि फेसाने बेअरिंग वाचत नाही. सील गळायला लागतात ते वेगळंच. डिझेल इंजिनात जादा ऑईल हवेच्या वाटेने आत गेलं तर तेच इंधन म्हणून जळतं, आणि डिझेल बंद केलं तरी इंजिन सुसाट पळत राहू शकतं. त्यामुळे थोडं जास्त असलेलं बरं, हा समज खरा नाही.

फिल्टर निवडताना काय बघायचं?

दाबाने जाणाऱ्या ऑईलमध्ये काजळी, धातूचा कीस आणि धूळ फिरत राहते, म्हणून वाटेत फिल्टर बसवतात. आजच्या ट्रॅक्टरवर आणि जनरेटरवर तो दोन रूपांत दिसतो : भांड्यात बसणारं कागदी एलिमेंट, किंवा आट्यांवर फिरवून बसवायचा पत्र्याचा डबा. डबा दिसायला सारखा म्हणून उचलला, हे मात्र महागात पडतं.

पहिली गोष्ट आटे. २० मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यांचा फिल्टर पाऊण इंची खुंटावर दोन-चार फेरे बसल्यासारखा वाटतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही. इंजिन चालू होऊन दाब आला की असा फिल्टर निसटतो आणि मिनिटभरात सगळं ऑईल जमिनीवर येतं.

दुसरी गोष्ट आतले व्हॉल्व. बऱ्याच फिल्टरमध्ये बायपास व्हॉल्व असतो. फिल्टर चोंदला तर तो उघडतो आणि न गाळलेलं का होईना, ऑईल बेअरिंगला मिळत राहतं. किती दाबाला उघडायचं हे इंजिनाप्रमाणे बदलतं, आणि काही इंजिनांत हा व्हॉल्व इंजिनातच असतो. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ऑईल परत खाली उतरू न देणारी रबरी झडपही हवी. ती नसली तर रोज सकाळी सुरुवातीचे काही क्षण इंजिन कोरडं चालतं.

यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. म्हणून इंजिनाच्या पाटीवरचं मॉडेल आणि पुस्तिकेतला पार्ट नंबर घेऊनच दुकानात जायचं. जुना फिल्टर नमुना म्हणून न्यायला हरकत नाही, पण तोही मागच्या वेळी चुकीचा बसवलेला असू शकतो.

ऑईल बदलताना

१. इंजिन थोडं चालवून कोमट करा आणि बंद करा. कोमट ऑईलबरोबर घाणही बाहेर येते.

२. खालचा बोल्ट काढून सगळं ऑईल डब्यात निथळू द्या. बोल्टचा वायसर चेपलेला असेल तर नवा घाला. जुनं ऑईल विहिरीच्या आसपास ओतू नका.

३. फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना ते बोटाने तपासा. एकावर एक दोन रिंगा बसल्या की गळती ठरलेली.

४. नव्या फिल्टरच्या रिंगेला ऑईलचं बोट लावा. फिल्टर हाताने फिरवा, रिंग टेकली की त्यावर लिहिलं असेल तेवढाच, साधारण पाऊण फेरा, आवळा. पाना लावू नका.

५. पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं ऑईल, सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी ओता. मिनिटभर इंजिन चालवून गळती बघा आणि बंद करा. नवा फिल्टर स्वतःच्या पोटात ऑईल घेतो, त्यामुळे खरी पातळी आता कळते.

६. पाच-दहा मिनिटं थांबा. इंजिन सपाट जागी हवं. पट्टी काढून पुसा, परत पूर्ण घाला, मग वाचा. वरच्या खुणेपर्यंत हळूहळू भरा, तिच्या वर नाही.

आपल्याकडच्या धुळीत आणखी एक पातळी विसरायची नाही. जुन्या इंजिनांना आणि बऱ्याच ट्रॅक्टरना ऑईलवाला एअर क्लीनर असतो. त्याच्या वाटीतही खूण असते. ऑईल कमी पडलं तर काळ्या मातीची धूळ सरळ बोअरमध्ये जाते, जास्त झालं तर ऑईलच आत ओढलं जातं.

पट्टीवरची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. चेंबरमध्ये डिझेल किंवा पाणी उतरत असतं. डिझेलचा वास किंवा दुधाळ रंग दिसला की इंजिन बंद ठेवून मिस्त्रीला बोलवा. आणि तास लिहून ठेवा. ट्रॅक्टरला बहुधा २५० तासांनी ऑईल बदलायला सांगतात. रोज सहा तास काम असेल तर ते जेमतेम सहा आठवड्यांत भरतात.

शेवटची वर्षं

शंतनुराव इंजिनांवर थांबले नाहीत. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या कमिन्स कंपनीच्या जोडीने पुण्यात मोठ्या डिझेल इंजिनांचा कारखाना निघाला. १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, आणि त्याच सुमारास ते देशातल्या उद्योजकांच्या महासंघाचे अध्यक्ष झाले. परवाने आणि नियंत्रणं यांवर ते उघड टीका करायचे. त्यामुळे सरकारदरबारी काहींना ते खटकतही. २४ एप्रिल १९९४ रोजी ते गेले. २००३ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आज मुखेड तालुक्यात बहुतेक विहिरींवर आणि बोअरवर विजेची मोटार आहे. डिझेल इंजिन ट्रॅक्टरमध्ये, जनरेटरवर, आणि वीज नसली की पुन्हा विहिरीवर दिसतं. बाहेरदेशातून येणारी वस्तू इथे बनवून शेताच्या बांधापर्यंत पोचवायचं काम शंतनुरावांनी केलं. त्या इंजिनाची पट्टी काढून, पुसून, नीट वाचायचं काम मात्र तेव्हाही इंजिनवाल्याचंच होतं, आजही आहे. पुढच्या वेळी चावी फिरवण्याआधी दोन मिनिटं काढा.