उष्णतेचा हिशेब

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराला लागूनच सॅलफर्ड हे गाव आहे. तेथे २४ डिसेंबर १८१८ रोजी जेम्स प्रेस्कॉट जूल याचा जन्म झाला. त्याचे वडील बीअर तयार करण्याच्या एका मोठ्या कारखान्याचे मालक होते. लहानपणी जूलची प्रकृती नाजूक असल्यामुळे त्याचे शिक्षण घरीच सुरू झाले. पुढे वडिलांनी त्याला व त्याच्या थोरल्या भावाला जॉन डाल्टन याच्याकडे शिकावयास पाठविले. अणुसिद्धान्त मांडणारा हा थोर शास्त्रज्ञ त्या वेळी वृद्ध झाला होता. त्याने मुलांना आधी अंकगणित आणि भूमितीच शिकविली. परंतु मोजल्यावाचून काही मानावयाचे नाही, ही शिस्त जूलच्या अंगी येथेच बाणली असावी. विश्वविद्यालयाची पायरी मात्र तो कधीच चढला नाही.

कारखान्यातील वाफेच्या यंत्राऐवजी विजेवर चालणारे यंत्र वापरता येईल काय, असा विचार तरुण जूलच्या मनात आला. त्याने हिशेब मांडला. विद्युत्‌घटात जस्त खर्ची पडे, वाफेच्या यंत्रात कोळसा जळे. एक पौंड जस्तापेक्षा एक पौंड कोळसा कित्येक पटींनी अधिक काम देतो, आणि जस्त तर महागही, असे त्याला आढळले. बेत फसला, पण त्या निमित्ताने हाती घेतलेली मोजमापे त्याने सोडली नाहीत. तारेतून वीज वाहू लागली की तार तापते. किती तापते? प्रवाह दुप्पट केला तर उष्णता दुप्पट न होता चौपट होते, हे त्याने १८४० मध्ये दाखवून दिले. त्या वेळी तो अवघा एकवीस वर्षांचा होता.

त्या काळी उष्णता हा एक वजनरहित द्रव असून तो एका पदार्थातून दुसऱ्यात वाहतो, परंतु नव्याने उत्पन्न होत नाही, असे पुष्कळ विद्वान मानीत. जूलला हे पटेना. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये त्याने तारेचे वेटोळे पाण्यात फिरविले. वेटोळ्यात वीज निर्माण झाली आणि पाणी तापले. वेटोळे फिरविण्यासाठी जे श्रम झाले, तेच उष्णतेच्या रूपाने प्रकट झाले, असा अर्थ त्याने लावला. एक पौंड पाणी फॅरनहाइटच्या एका अंशाने तापवावयाचे, तर किती पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम लागते, हा त्याचा प्रश्न होता. उत्तरे ५८७ पासून १,०४० पर्यंत निरनिराळी आली. त्यांची सरासरी ८३८ भरली. १८४३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे विद्वानांच्या सभेत त्याने हे सांगितले, तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याचा एक निबंध छापण्यास नकार दिला. जर्मनीतील मेयर या वैद्यानेही १८४२ मध्ये असाच विचार मांडला होता. त्याच्याही वाट्याला उपेक्षाच आली.

जूल पुन्हा प्रयोगाला लागला. तांब्याच्या भांड्यात पाणी भरून त्यात त्याने पितळेचे वल्ह्यांचे चाक बसविले. कप्पीवरून सोडलेली दोन वजने खाली उतरत, चाक फिरे आणि पाणी घुसळले जाई. वजने सुमारे सव्वापाच फूट खाली आली की पुन्हा वर चढवावयाची. असे वीस वेळा. इतके करून पाणी तापे ते अर्ध्या अंशाहून थोडेसेच अधिक! एवढीशी वाढ अचूक मोजावयाची, तर खोलीतील हवेचा फरकसुद्धा घातक ठरतो. म्हणून हे प्रयोग त्याने तळघरात केले. स्वतःच्या अंगाची ऊब भांड्याला लागू नये म्हणून मध्ये लाकडी पडदा उभा केला. अंशाचा दोनशेवा भाग वाचता येईल असा तापमापक मँचेस्टरच्या एका कुशल कारागिराकडून त्याने मिळविला. असे हे काम कित्येक वर्षे चालले. अखेर उत्तर ७७२ वर स्थिरावले. म्हणजे ७७२ फुटांवरून कोसळणारे पाणी तळाशी एक अंशाने तापलेले असावयास हवे. नायगाराचा धबधबा १६० फुटांचा धरला, तर त्याचे पाणी जेमतेम एक पंचमांश अंशाने तापेल, असा जूलचा अंदाज होता.

१८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत अध्यक्षांनी जूलला थोडक्यात आटोपण्यास सांगितले. तेवढ्यात विल्यम थॉमसन नावाचा एक तरुण प्राध्यापक उठला आणि त्याने या प्रयोगाचे महत्त्व सभेच्या ध्यानात आणून दिले. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून कीर्ती पावलेला तो हाच. दोघांची मैत्री जडली आणि त्यांनी मिळून वायूंवर प्रयोग केले. १८४९ मध्ये जूलचा निबंध फॅरडेने रॉयल सोसायटीपुढे वाचला. दुसऱ्याच वर्षी त्या संस्थेने जूलला आपले सदस्य करून घेतले.

कौटुंबिक सुख मात्र त्याला फार काळ लाभले नाही. १८५४ मध्ये पत्नी वारली. कारखानाही पुढे विकला गेला. उतारवयात त्याला सरकारी निवृत्तिवेतनावर राहावे लागले. तरी १८७८ मध्ये त्याने तोच प्रयोग पुन्हा केला व ७७२.५५ हा आकडा मिळविला.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी सेल या गावी जूल मरण पावला. त्याच वर्षी पॅरिस येथे भरलेल्या विद्युत्‌परिषदेने ऊर्जेच्या एककास त्याचे नाव दिले, आणि सेकंदाला एक जूल या वेगाने होणाऱ्या कामास वॉट हे नाव दिले. एक ग्रॅम पाणी सेल्सिअसच्या एका अंशाने तापविण्यास सुमारे ४.१९ जूल लागतात. घरच्या विजेच्या देयकात जे एक युनिट लिहिलेले असते, ते ३६ लक्ष जूल होय. तेवढ्यात ८६० किलोग्रॅम पाणी एका अंशाने तापते. उष्णतेची मापे विजेच्या मापांत अशी सहज बदलता येतात, ती त्या तळघरातील घुसळणीमुळे.

सेलजवळच्या स्मशानभूमीत जूलची समाधी आहे. तिच्या दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे.