जर्मेनचं नाक

दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्या बचत गटाच्या खोलीत शिरलं की नुसत्या वासाने गुंगायला होतं. नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा, आंबेहळद, गुलाबपाकळी, संत्र्याची साल. उटण्याचं मिश्रण झालं की गटातल्या सर्वांत वयस्क काकू चिमूटभर नाकाशी नेतात आणि सांगतात, कचोरा जास्त झालाय. वहीतलं माप पडताळावं तर खरंच जास्त पडलेला असतो! हे उटणं एक दुकानदार घाऊक घेतो आणि स्वतःच्या नावाच्या पाकिटात घालून विकतो. त्यावरून मी एकदा घरी कुरकुरत होते, तेव्हा केमिस्ट्री शिकणाऱ्या माझ्या भाचीने मला जर्मेन सेलिए या फ्रेंच बाईबद्दल सांगितलं. मग मीही मिळेल ते वाचत गेले.

अत्तराच्या जगात खूप मोठं नाव आहे तिचं. पण त्या जगाबाहेर कुणाला विचाराल तर माहीत नसेल, कारण बाटलीवर ते कधी छापलंच गेलं नाही.

जर्मेन १९०९ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरात जन्मली. पॅरिसला रसायनशास्त्र शिकली आणि १९३०च्या सुमारास रूर नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या बड्या कंपनीत प्रयोगशाळेत लागली. फ्रेंच लोक अत्तर रचणाऱ्या माणसाला चक्क ‘नाक’ म्हणतात. त्या काळी ही नाकं जवळजवळ सगळी पुरुषांची! बाईने प्रयोगशाळेत मालाची तपासणी करावी, रचना मात्र पुरुषाने करायची, अशी रीत. तिथून ही बाई रचनेच्या टेबलापाशी पोचली.

त्या टेबलाला ‘ऑर्गन’ म्हणतात. पेटीच्या पट्ट्यांसारख्या ओळीने पायऱ्या आणि त्यांवर शेकडो बाटल्या. सगळी भाषाच संगीतातून उचललेली आहे. वासाला म्हणायचं ‘नोट’. पहिली नोट लिंबू-संत्र्याच्या सालीची, काही मिनिटांत उडून जाणारी. मधली फुलांची. आणि तळाची चंदन, वाळा अशांची, तासन् तास टिकणारी. आपल्याला कळायला सोपं आहे. फोडणीचा भपका आधी दारापर्यंत येतो, मसाल्याचा वास मागून आणि रात्री पदराला उरतो तो वेगळाच. दोन-तीन वास असे मिसळले की एकही सुटा ओळखू येऊ नये, त्यांतून नवाच वास व्हावा, त्याला म्हणतात ‘अकॉर्ड’.

त्यातली बरीचशी सामग्री आपल्या डब्यात असते, हे वाचून मी तर थक्कच झाले. ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं एक शैवाक, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या नात्यातलंच. गॅल्बेनम हा इराणातून येणारा डिंक. तो हिंगाच्याच कुळातल्या झाडाचा, पण वास मात्र मटाराची कोवळी शेंग मोडल्यासारखा, हिरवा आणि तिखट.

हा गॅल्बेनम इतर अत्तरवाले थेंबभर वापरत. इतका उग्र डिंक कोण जास्त घालणार? जर्मेनने पिएर बाल्मां या कपड्यांच्या डिझायनरसाठी १९४७ साली ‘व्हाँ व्हेर’, म्हणजे हिरवा वारा, हे अत्तर केलं आणि त्यात तो तब्बल आठ टक्के घातला. हिरव्या वासाच्या अत्तरांची वाट तिथून रुंद झाली. त्याआधी १९४४ साली रोबेर पिगे या दुसऱ्या डिझायनरसाठी तिने ‘बाँदी’ केलं होतं. बाँदी म्हणजे डाकू. कातड्याचा कडवट, धुरकट वास आणि खाली ओकमॉस. बाईने गोडगोड फुलांचाच वास ल्यायचा हे तिला मान्य नसावं, असं मला आपलं वाटतं.

पण फुलं तिला येत नव्हती असं नाही हं! पिगेसाठीच १९४८ साली तिने ‘फ्राका’ केलं. फ्राका म्हणजे गलका. आणि हा गलका कशाचा? आपल्या निशिगंधाचा! आपल्या म्हणायचं एवढंच, मुळात तो मेक्सिकोचा. निशिगंध आणि मोगऱ्याच्या जातीची फुलं खुडल्यावरही वास सोडत राहतात. म्हणून दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावी काचेवर चरबी थापून त्यावर ती पसरत, चरबी वासाने भरेपर्यंत पुन्हा पुन्हा नवी फुलं. असा महागडा निशिगंध जर्मेनने हात सैल सोडून वापरला. लग्नाच्या मांडवात रात्री नऊला जो दाटून येतो, तसा.

कंपनीत तिचं जाँ कार्ल यांच्याशी पटेना. तेही मोठे जाणकार, १९४६ साली ग्रासमध्ये रूरची अत्तरशाळा त्यांनीच सुरू केली. त्यांची पद्धत पायरीपायरीची, हिची धाडसी मापांची. शेवटी कंपनीने तिला पॅरिसजवळ नोयीला वेगळी प्रयोगशाळाच थाटून दिली. भांडणारी बाई नको म्हणून दूर केली, की हातची जाऊ नये म्हणून? मला तरी दुसरं कारण जास्त पटतं. १९५३ साली तिने बाल्मांसाठीच ‘जोली मादाम’ही केलं. ती १९७६ साली वारली.

तिच्या कृतींचा पुढे एक घोटाळा झाला. ती बऱ्याचदा तयार मिश्रणं वापरायची, आपण आमटीत घरचा गोडा मसाला टाकतो तशी. काही वर्षांनी ती मिश्रणं मिळेनाशी झाली आणि अत्तरं नव्याने बांधणारे अडले. आमटीची कृती हातात, पण सासूबाईंच्या मसाल्याचा कागद हरवलेला! त्यात ओकमॉसने काहींच्या त्वचेला त्रास होतो म्हणून त्यावर मर्यादा आल्या. त्यामुळे आज त्याच नावाने जे मिळतं ते तिच्या हातचं नेमकं नाही.

आणि बाटल्यांवर नावं पिगेचं, बाल्मांचं.

हे सगळं मी गटात सांगितलं. काकूंनी आधी हिंगाच्या भावंडाचं अत्तर होतं याचीच खात्री दोनदा करून घेतली. मग त्या फ्रेंच बाईला पैसे तरी नीट मिळाले का, असं विचारलं. मला सांगता आलं नाही. त्यांनी चाळण बाजूला ठेवली, वही मागवली आणि उटण्याची मापं पहिल्यांदाच एका पानावर उतरवून घ्यायला लावली. वर तारीख आणि खाली सगळ्यांच्या सह्या. दुकानदार पुढच्या आठवड्यात येणार आहे.