किरणांच्या मोजमापाचा पाया घालणारे डॉ. होमी भाभा

भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार म्हणून डॉ. होमी जहांगीर भाभा सर्वपरिचित आहेत. अणुभट्ट्या उभारण्याच्या कितीतरी आधी त्यांनी किरणांच्या मोजमापाची विद्या या देशात रुजवली, ही बाजू मात्र काहीशी उपेक्षित राहिली.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील वकील होते. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी घरच्यांची इच्छा होती. त्यासाठी १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. १९३० मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होऊन त्यांनी वडिलांना दिलेला शब्द पाळला आणि मग भौतिकशास्त्राची वाट धरली.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळल्यावर कसे विखुरतात, याचे गणित त्यांनी मांडले. ते आज ‘भाभा विकिरण’ या नावाने ओळखले जाते. हे विखुरणे अत्यंत अचूकपणे वर्तवता येत असल्याने जगातील इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन त्वरकांमध्ये टकरींचे प्रमाण मोजण्यासाठी त्याचाच मापदंड वापरला जातो. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त सिद्ध केला.

१९३९ मध्ये सुटीसाठी ते मायदेशी आले असता महायुद्ध भडकले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरण संशोधन विभाग सुरू केला. केवळ कागदावरचे गणित आता पुरेसे नव्हते. गायगर गणकांची दुर्बीण तयार करून ती विमानातून उंच आकाशात नेण्यात आली. भूचुंबकीय विषुववृत्ताजवळच्या बंगळूरमधील नोंदी अमेरिकेतील नोंदींशी ताडून पाहायच्या, तर दोन्हीकडची उपकरणे विश्वासार्ह असणे अनिवार्य होते.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षअखेर ती मुंबईत पेडर रोडवरील बंगल्यात आली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद भाभांकडे आले. उपकरणे परदेशातून मागवण्यापेक्षा ती येथेच घडवावीत, हा त्यांचा आग्रह होता. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनचे होते, पण नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा भारतीयांनी बनवली होती.

१९५५ मध्ये जिनिव्हा येथील अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रित स्वरूपात मिळवण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत केले. ते खरे ठरले नाही. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेच्या माऱ्यातून ३.१५ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा मिळाली, तेव्हा भाभांच्या निधनाला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. ही ऊर्जा कोणी थेट मापून घेत नाही. बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांच्या संख्येवरून ती ठरते. लेसरच्या प्रहाराने प्लाझ्मा निर्माण होताच क्ष-किरण, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन क्षणार्धात शोधकावर आदळतात. त्यांतील एकेक कण सुटा मोजणे शक्य नसते. म्हणून ज्ञात तीव्रतेच्या स्रोतासमोर ठेवून शोधकाचा प्रतिसाद आधीच तपासून घ्यावा लागतो. हे प्रमाणीकरण चुकले, तर निष्कर्षही चुकतो.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. १९६७ मध्ये तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. किरणोत्सर्ग मापनाची राष्ट्रीय मानके तेथेच जतन केली जातात.

या वारशाचा संबंध केवळ प्रयोगशाळांशी नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा टाकून दिलेला स्रोत पोहोचला आणि एका कामगाराला प्राण गमवावे लागले. जालन्याचा पोलाद उद्योगही भंगार वितळवून चालतो. तेथे भंगारावर फिरणारे मापक असो वा जुन्या जालन्यातील क्ष-किरण तंत्रज्ञाच्या छातीवरचा बिल्ला, त्यातून मिळणारा आकडा खरा असण्यावर माणसाचे आयुष्य अवलंबून असते. त्या आकड्याला देशातच आधार मिळावा, यासाठीची पायाभरणी भाभांनी केली.