विश्लेषण : माऊलींच्या पालखीला शिस्त लावणारे हैबतबाबा कोण होते?

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी निघते. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट आणि लाखो वारकरी. बहुतेकांच्या हातात ना तिकीट, ना टोकन. तरीही कोणी कुठे चालायचं, कुठे थांबायचं, मुक्कामी तंबू कुठे ठोकायचा हे ठरलेलं असतं. ही घडी बसवण्याचं श्रेय जातं हैबतराव पवार-आरफळकर, म्हणजेच हैबतबाबांना. सरदारकी सोडून आळंदीत आलेल्या या माणसाने गर्दीचं काय केलं, ते समजून घेऊ.

सरदार ते वारकरी

हैबतराव मूळचे सातारा जिल्ह्यातील आरफळ गावचे. ते ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारात सरदार होते. हजारोंचा तळ हलवायचा तर घोडे, तंबू, शिधा, निशाण आणि इशारे लागतात, हे लष्करी चाकरीत रोजचंच.

त्यांच्या आयुष्याला वळण कसं मिळालं, याची कथा वारकरी संप्रदायात सांगितली जाते. ते गावाकडे परतत असताना सातपुड्यात भिल्लांच्या टोळीने त्यांना पकडून गुहेत कोंडलं. तिथे त्यांनी हरिपाठ सुरू ठेवला. टोळीच्या नायकाला मुलगा झाला, त्या आनंदात गुहेच्या तोंडावरची शिळा हटवली गेली आणि त्यांची सुटका झाली. हा आपला पुनर्जन्मच, असं मानून ते माऊलींच्या सेवेसाठी आळंदीत आले आणि तिथेच राहिले.

त्यांच्याआधी पालखी नव्हती का?

होती. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685च्या सुमारास पालखी सोहळा सुरू केला. देहूहून तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीला येत. तिथून ज्ञानोबांच्या पादुका घेऊन एकच पालखी पंढरपूरला जाई. पुढे देहूकर वंशजांत सेवेच्या हक्कांवरून वाद झाले. त्यानंतर 1832च्या सुमारास हैबतबाबांनी माऊलींचा स्वतंत्र सोहळा सुरू केला.

काळ अवघड होता. पेशवाई 1818मध्ये संपली होती आणि पुणे भागात कंपनी सरकारचा अंमल होता. मग हैबतबाबांनी माणसं जोडली. आज कर्नाटकात असलेल्या अंकली गावच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू आणि नैवेद्याची जबाबदारी उचलली. वासकरांसारखे फडकरी आपापल्या मंडळींसह सामील झाले. शितोळ्यांचे अश्व आजही दरवर्षी अंकलीहून चालत आळंदीला येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माऊलींचा अश्व. त्याच्यावर कोणी बसत नाही.

दिंडी म्हणजे नेमकं काय?

हैबतबाबांच्या रचनेचा पाया म्हणजे दिंडी. एकत्र चालणाऱ्या, जेवणाऱ्या आणि मुक्काम करणाऱ्या वारकऱ्यांचा गट. प्रत्येक दिंडीत वीणेकरी, मृदंगवादक, टाळकरी, पताकाधारी आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या महिला असतात. प्रमुख ठरलेला असतो. काही दिंड्या रथाच्या पुढे, बाकीच्या मागे. प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. मागून येऊन पुढे घुसायचं नाही.

याचा फायदा साधा आहे. लाखोंच्या गर्दीत माणूस एकटा नसतो, कोणत्या तरी दिंडीचा असतो. एखादे आजोबा मागे राहिले, तर शोध लाखोंमध्ये घ्यावा लागत नाही. दिंडीचा क्रमांक सांगितला की पत्ता मिळतो. भजनाचा क्रमही ठरलेला असल्याने दिंडीची पावलं एका लयीत पडतात. त्यामुळे रेटारेटी कमी होते.

तक्रार कशी सोडवतात?

या व्यवस्थेतला सगळ्यात पाहण्यासारखा भाग म्हणजे मुक्कामाची समाज आरती. पालखी तळावर पोहोचते, दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार हातातला दंड उंच करतो आणि क्षणात शांतता पसरते.

मात्र एखाद्या दिंडीवर वाटेत अन्याय झाला असेल, तर ती टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तिचेच टाळ सगळ्यांना ऐकू येतात. चोपदार तिथे जातात आणि गाऱ्हाणं ऐकून घेतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची माहिती आणि दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ सांगितली जाते. त्यानंतर आरती होते. म्हणजे कुरबूर दुसऱ्या दिवसाच्या वाटेवर न नेता त्याच संध्याकाळी, सगळ्यांसमोर मांडली जाते.

आज हा विषय महत्त्वाचा का?

आज वारीत दिंडीबाहेरची गर्दीही मोठी आहे. कोणी एका टप्प्यापुरतं चालायला येतं, कोणी फक्त दर्शनाला. पोलीस, वैद्यकीय पथकं, टँकर, बॅरिकेड यांच्याशिवाय आता भागत नाही. तरीही ताण येतोच. जून 2023मध्ये आळंदीत प्रस्थानाच्या दिवशी मंदिर प्रवेशावरून पोलीस आणि काही तरुण वारकऱ्यांत झटापट झाली. लाठीमार झाल्याचा आरोप झाला, सरकारने तो फेटाळला.

दोन्हींतला फरक इथे दिसतो. बॅरिकेड गर्दी अडवतं, पण अडवलेल्या माणसाला त्याची जागा कुठे आहे हे सांगत नाही. दिंडी ते सांगते. तिथे शेजारी चालणारा तुम्हाला नावाने ओळखतो आणि नियम मोडला तर तोच टोकतो. मंदिराचं दार अरुंदच राहणार, त्यामुळे आत किती जणांना सोडायचं हा निर्णय प्रशासनाला घ्यावाच लागेल. पण तो दिंड्यांना विश्वासात घेऊन आणि वेळेत कळवून घेतला, तर दारावरचा ताण कमी होऊ शकतो.

पायरीखालचे हैबतबाबा

हैबतबाबांनी देह ठेवला तो आळंदीतच. माऊली मंदिराच्या महाद्वारातील पहिली पायरी ही त्यांची समाधी. त्यांचे वंशज आरफळकर आजही सोहळ्याचे मालक म्हणून पालखीसोबत चालतात. कार्तिक वद्य अष्टमीला याच पायरीच्या पूजनाने आळंदीतला संजीवन समाधी सोहळा सुरू होतो.

यंदा आळंदीला गेलात, तर महाद्वारात क्षणभर खाली पाहा. रांगेतली माणसं पायरीला हात लावून तो कपाळाला लावताना दिसतील. रांग थांबत नाही. आपणही हात लावायचा आणि पुढे सरकायचं, मागच्याला जागा द्यायची.