नाचणारे कलेक्टरसाहेब : गुरुसदय दत्त

गणेशोत्सव जवळ आला की आपण मुलांच्या हाती लेझीम देतो. कार्यक्रम छान व्हावा, एवढीच आपली अपेक्षा असते. पण नाचातून तरुणांची शरीरे आणि मने घडतात, हे ओळखून सरकारी नोकरी सांभाळत त्यासाठी आयुष्य वेचणारे एक बंगाली गृहस्थ होऊन गेले. आपल्या मराठी घरांत त्यांचे नाव फारसे ऐकू येत नाही, म्हणून ही ओळख.

गुरुसदय दत्त यांचा जन्म १८८२ साली सिल्हेट जिल्ह्यातल्या (आता बांगलादेश) बीरश्री या खेड्यात झाला. आईवडिलांचे छत्र लवकरच हरपले. सिल्हेटकरांच्या मदतीवर ते विलायतेला गेले आणि १९०५ मध्ये आय.सी.एस. होऊन परतले. पत्नी सरोजनलिनी खेड्यापाड्यांत महिला समित्या काढत. १९२५ मध्ये त्या वारल्या. गुरुसदयांनी त्यांच्या नावे संस्था स्थापून ते काम पुढे नेले.

१९२९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी लोकनृत्यांचा महोत्सव पाहिला. शिकलेसवरलेले इंग्रज आपल्या खेड्यांतले जुने नाच अभिमानाने नाचत होते! बंगालमध्ये मात्र भद्र घरांत नाच म्हणजे हलकी गोष्ट. (आपल्याकडे तरी त्या काळी वेगळे काय होते?)

पुढे बीरभूमला जिल्हाधिकारी असताना त्यांना रायबेंशे हा नाच सापडला. बाउरी, बागदी, डोम अशा समाजांतले लोक लग्नाच्या वरातीत बायकी घागरे घालून नाचत आणि बघणारे हसत. गुरुसदयांची नजर मात्र त्यांच्या पायांवर आणि हातांवर गेली. धनुष्य ओढणे, भाला फेकणे, घोडा दौडवणे अशा त्या हालचाली होत्या. रायबाँश म्हणजे बांबूचा लांब भाला. हे नाचणारे जुन्या भालाइतांचे वारस होते. त्यांनी घागरे उतरवायला लावले आणि ढोल व काँशीच्या तालावर, उजव्या पायात नूपुर बांधून, तो नाच पुन्हा पुरुषी ऐटीत उभा केला. आणि साहेब स्वतःही त्यांच्यात नाचू लागले. तेव्हाच्या जिल्हाधिकाऱ्याचा रुबाब आठवला म्हणजे ही गोष्ट किती धाडसाची होती ते कळते.

यातूनच १९३२ मध्ये 'व्रतचारी' चळवळ निघाली. ज्ञान, श्रम, सत्य, ऐक्य आणि आनंद ही तिची पाच व्रते. यातले आनंद हे व्रत मला विशेष वाटते. व्यायामाच्या शिस्तीत आनंदाला एवढी जागा कोण देतो? शाळाशाळांतून मुलेमुली रायबेंशे, काठी, जारी हे नाच शिकू लागली. नाचाच्या जोडीला अंगमेहनत होतीच. तळी बुजवणारी जलपर्णी उपसायला मुले गाणी म्हणत पाण्यात उतरत. गाणी बहुतेक गुरुसदयांनीच रचलेली, सोपी आणि पावलाला ठेका देणारी.

नोकरी संपल्यावर कोलकात्याजवळ जोका येथे जमीन घेऊन त्यांनी व्रतचारी ग्राम वसवायला घेतले. पण १९४१ च्या जूनमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. गावोगावी हिंडून जमवलेली पटचित्रे, मातीची खेळणी आणि कांथा (आपल्या गोधडीची बंगाली बहीणच ती) यांचे संग्रहालय पुढे जोक्यातच उभे राहिले. कोलकात्याच्या बालीगंज भागातला एक रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि रायबेंशे बीरभूममध्ये अजूनही नाचला जातो.