डॉ. हॅरॉल्ड मॅन: भाकरीचा हिशेब मांडणारा पंडित

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना रणांगण, राजसभा व व्यासपीठ यांकडे आपलें लक्ष सहज जातें. परंतु गरिबाच्या चुलीपाशीं जाऊन, या घरांत वर्षाला धान्य किती लागतें व किती येतें, असें विचारणाऱ्या माणसाकडे तें क्वचितच जातें. डॉ. हॅरॉल्ड हार्ट मॅन हे अशा विरळ माणसांपैकीं होते. आपल्या शेजारच्या पिंपळे सौदागर गांवाचें नांव दूरदूरच्या अर्थशास्त्रज्ञांस त्यांच्यामुळें ठाऊक झालें. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डॉ. मॅन यांचा जन्म १८७२ सालीं इंग्लंडांत झाला. रसायनशास्त्राचा अभ्यास करून त्यांनीं वोबर्न येथील शेतकीच्या प्रयोगक्षेत्रावर कांहीं काळ काम केलें व १९०० च्या सुमारास चहाच्या मळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रज्ञ म्हणून ते हिंदुस्थानांत आले. चहाच्या झाडांवरील कीड व रोग यांविषयींचा त्यांचा ग्रंथ १९०३ सालीं प्रसिद्ध झाला. येथवर पाहतां हें एका हुशार रसायनज्ञाचें साधें चरित्र दिसतें. त्यास निराळें वळण मिळालें तें गरिबांच्या अन्नाविषयींच्या जिज्ञासेनें.

त्याच सुमारास यॉर्क शहरांत सीबोम राउंट्री नांवाचे क्वेकर पंथाचे एक धर्मशील गृहस्थ मजुरांच्या संसारांचा शोध घेत होते. कोकोच्या कारखानदाराचे ते पुत्र. शरीर धडधाकट राखण्यास किती अन्न लागतें हें त्यांनीं शास्त्राच्या आधारें ठरविलें, त्याची किंमत मांडली व ती मजुरांच्या मिळकतीशीं ताडून पाहिली. १९०१ सालीं त्यांचा ग्रंथ बाहेर पडला, तेव्हां दारिद्र्य हें केवळ आळसाचें व उधळेपणाचें फळ आहे या सोईस्कर समजुतीस मोठा धक्का बसला. डॉ. मॅन यांनीं हीच रीत बेडफर्डशायर परगण्यांतील रिजमाउंट या लहानशा खेड्यास लाविली व तिचा वृत्तांत छापिला. शहरांत हाल आणि खेड्यांत सुबत्ता, ही कविकल्पना त्या वृत्तांतापुढें टिकली नाहीं.

१९०७ सालीं ते पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. प्रयोगशाळेंतील काम त्यांनीं सोडिलें नाहीं. पुणें जिल्ह्यांतील बटाट्याच्या लागवडीवरही त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संशोधन केलें. चाकणच्या बाजारांत कांद्याबटाट्याच्या पोत्यांच्या थप्प्या पाहणाऱ्या मुलांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. परंतु पीक कसें वाढवावें एवढ्यावर त्यांचें समाधान होईना. पिकविणाऱ्याच्या ताटांत त्यांतलें काय पडतें, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना. पुण्यांतील अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या स्थितीविषयीं त्यांनीं १९१२ सालीं निबंध लिहिला. केवळ लिहून ते थांबले नाहींत. महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांनीं स्थापिलेल्या निराश्रित साह्यकारी मंडळीच्या पुणें शाखेचें अध्यक्षपदही त्यांनीं स्वीकारिलें.

यानंतर त्यांचें लक्ष पिंपळे सौदागराकडे वळलें. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे इत्यादि सहकारी बरोबर घेऊन त्यांनीं त्या गांवचीं जमीन, पाणी, पिकें, कर्ज व खाणेंपिणें यांचा बारकाईनें तपास केला आणि १९१७ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १७७१ सालीं तेथें सरासरी ४० एकरांची जमीन एकेकाकडे होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे झाले होते व त्यांपैकीं ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते. यॉर्कच्या पावाचें माप पिंपळ्यास लावून चालण्यासारखें नव्हतें. येथें ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मीठ, मिरची व तेल यांचाच हिशेब धरणें भाग होतें. मावळांतील माणसास भात हवा, पूर्वेकडील माणसास भाकरी हवी. ज्याची रुची ज्या अन्नावर आहे त्याच अन्नानें त्याची भूक मोजली पाहिजे, नाहीं तर सारी बेरीज कागदावरच राहते.

हा हिशेब पुरा झाला तेव्हां जें दिसलें तें मन खिन्न करणारें होतें. १०३ कुटुंबांपैकीं केवळ ८ कुटुंबांचा निर्वाह स्वतःच्या जमिनीवर नीट होत होता. २८ कुटुंबें बाहेरची मजुरी जोडून कशीबशी तोंडमिळवणी करीत होतीं. उरलेल्या ६७ कुटुंबांस जमीन व मजुरी दोन्ही मिळूनही पुरत नव्हतें. येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. ती बाहेरची मजुरी पुष्कळांस खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतून मिळत असे. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली व पुढें सारा परिसर कारखान्यांनीं भरून गेला; परंतु शेतकऱ्याच्या घरची भाकरी कारखान्याच्या पगारावर अवलंबूं लागली होती, ती त्याच्या कितीतरी आधीं.

शहराजवळचें गांव म्हणून असें झालें असेल, अशी शंका कोणीही घेईल. म्हणून डॉ. मॅन व कानिटकर यांनीं शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक हें आडबाजूचें, कोरडवाहू गांव निवडिलें. १९२१ सालीं त्याचा वृत्तांत निघाला. तेथें शेंकडा ८५ कुटुंबांची स्थिति डळमळीत आढळली! कारखान्याची मजुरी जवळ नव्हती आणि पावसाचा भरंवसा नव्हता.

त्याच सुमारास डॉ. मॅन मुंबई इलाख्याचे शेतकी खात्याचे डायरेक्टर झाले व १९२७ सालीं निवृत्त होऊन मायदेशीं परतले. वोबर्न येथें उतारवयांतही त्यांनीं संशोधन चालू ठेविलें. १९६१ सालीं, ८९ व्या वर्षीं, ते परलोकवासी झाले. १९६७ सालीं डॅनियल थॉर्नर यांनीं त्यांच्या सामाजिक निबंधांचा संग्रह संपादित केला.

प्रभूनें शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेंत रोजच्या भाकरीचें मागणें आहे, आणि तें एकट्यासाठीं नव्हे, सर्वांसाठीं आहे. डॉ. मॅन यांच्या आयुष्यांत या मागण्याचा अर्थ आम्हांस दिसतो. गरिबानें काय खावें, काय खाऊं नये, याचा उपदेश करणारे पुष्कळ असतात. तो काय खातो आणि कां खातो, हें आधीं शांतपणें विचारणारे थोडे. आज पिंपळे सौदागरांत उंच इमारती उभ्या आहेत व चाकणच्या कारखान्यांत नाना प्रांतांचे कामगार आपापल्या आवडीचें अन्न शोधीत आहेत. कोणाचा भात, कोणाची पोळी, कोणाची लिट्टी. त्यांच्या डब्यांत काय असतें व तें पुरतें काय, हें कोणी तरी आपुलकीनें विचारावयास हवें. विद्यार्थ्यांनीं आरंभ आपल्याच घरापासून करावा. एक महिनाभर घरांतील धान्य, भाजी, तेल व दूध यांची वही लिहावी, आणि आईच्या ताटांत शेवटीं काय उरतें तेंही तींत प्रामाणिकपणें नोंदवावें. अर्थशास्त्राचा पहिला धडा तेथेंच मिळेल, व कदाचित् शेजारधर्माचाही.