जिंकलेले उंट

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही म्हणतात. शिवपार्वतींनी या दिवशी सारीपाट मांडला आणि पार्वतीने डाव जिंकला, या कथेचा आधार घेऊन पाडव्याच्या रात्री पट मांडण्याची रीत कित्येक घरांत चालत आली. त्याच आपल्या परंपरेत ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सर्वस्व गमावलेल्या द्यूतकाराचा विलाप आहे, युधिष्ठिराची सभा आहे, वनात भटकणारा नल आहे. या सणाला आमच्या मनात एक विचार हटकून येतो. या कथा हरणाऱ्यांच्या आहेत. शकुनी जिंकला खरा, परंतु तो कपटाने. जो सचोटीने, सत्यावर विसंबून पण जिंकला, त्याने त्या धनाचे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस इस्लामचे पहिले खलिफा हजरत अबू बकर यांच्या चरित्रात सापडले.

इ. स. ५७३ च्या सुमारास मक्केत कुरैश जमातीच्या तैम कुळात त्यांचा जन्म झाला. वयाने ते महंमद पैगंबरांहून दोन-तीन वर्षांनी धाकटे. व्यवसाय कापडाचा, वंशावळींचे ज्ञान दांडगे, स्वभाव मृदू. पैगंबरांच्या उपदेशाचा प्रथम स्वीकार करणाऱ्या मोजक्या माणसांत त्यांची गणना होते. त्या वेळी त्यांच्यापाशी चाळीस हजार दिरहम होते असे सांगतात. धन्यांकडून छळ सोसणाऱ्या गुलामांना विकत घेऊन मुक्त करण्यात त्यांतील फार मोठा भाग खर्च झाला. पुढे ज्यांच्या कंठातून नमाजाची बांग प्रथम उमटली, ते हबशी बिलाल त्या गुलामांपैकीच एक.

त्या काळच्या अरबस्तानात जुगार हे व्यसन मानले जात नसे. ती प्रतिष्ठेची गोष्ट होती. ‘मैसिर’ हा त्यांचा मुख्य खेळ. उंट कापून त्याचे वाटे पाडीत आणि पिशवीत दहा बाण घालीत. सात बाणांवर एकापासून सातापर्यंत खाचा असत, तीन कोरे असत. ज्यांच्या वाट्याला कोरे बाण येत, त्यांनी उंटाची किंमत भरायची. दुष्काळाच्या कडक हिवाळ्यात हा खेळ विशेष रंगे, आणि जिंकणारा आपले मांस घरी न नेता गोरगरिबांस वाटून टाकी. जुगाराने दानाचे वस्त्र पांघरले होते! किंबहुना म्हणूनच तो मोडणे कठीण होते.

याच वातावरणात अबू बकरांच्या हातून एक पैज लागली. इ. स. ६१४ मध्ये इराणी सैन्याने रोमन साम्राज्याकडून जेरुसलेम जिंकून घेतले. मक्केतील मूर्तिपूजक कुरैश इराण्यांच्या बाजूचे. रोमन ख्रिस्ती म्हणजे एकेश्वरवादी, तेव्हा मुसलमानांची सहानुभूती त्यांना. अशा समयी कुराणातील रूम नावाच्या अध्यायात पराभूत रोमन थोड्याच वर्षांत विजयी होतील असे भाकीत आले. कुरैशांना हसू फुटले. अबू बकरांना मात्र तिळमात्र शंका नव्हती. उबै बिन खलफ नावाच्या कट्टर विरोधकाशी त्यांनी दहा उंटांची पैज लावली, मुदत तीन वर्षांची. मूळ शब्दाचा अर्थ तीन ते नऊ वर्षे असा होतो हे पैगंबरांनी नजरेस आणून दिल्यावर मुदत नऊ वर्षांची झाली आणि पण शंभर उंटांवर गेला, असे परंपरा सांगते. जुगाराची मनाई तोवर आलेली नव्हती.

मध्यंतरी मक्का सुटली. ६२२ मध्ये पैगंबरांसमवेत अबू बकर मदिनेस गेले; वाटेत सौर डोंगराच्या गुहेत दोघांनी तीन रात्री काढल्या. त्याच वर्षी रोमन सम्राट हेराक्लियस याने इराणवर प्रतिचढाई आरंभिली आणि ६२७ साली निनेव्हेपाशी इराण्यांचा मोड केला. विजयाची वार्ता अरबस्तानात केव्हा पोहोचली याविषयी ग्रंथकारांत मतभेद आहेत. उबै तर ६२५ मध्ये उहुदच्या लढाईतील जखमेने मेला होता. तथापि त्याच्या वारसांनी शब्द पाळला, आणि उंट अबू बकरांच्या दारी आले.

यात कपट नव्हते, लोभही नव्हता. तरीही ते उंट घरात ठेवू नयेत, दान करून टाकावेत, असे पैगंबरांनी सांगितले आणि अबू बकरांनी ते तत्काळ केले.

जुगाराविषयी कुराणाची भूमिका पायरीपायरीने कठोर होत गेली. मद्य व जुगार यांत लोकांना थोडा लाभ आहे, पण पाप त्याहून मोठे आहे, असे बकरा अध्यायात प्रथम सांगितले. मैसिरच्या त्या दानाची ही प्रांजळ कबुलीच म्हणावी लागेल. पुढे माइदा अध्यायात दोन्ही गोष्टी, आणि त्यांबरोबर बाण टाकून कौल पाहणे, पूर्ण वर्ज्य ठरले. कारणेही दिली: यांनी माणसामाणसांत वैर पेटते, आणि ईश्वराचे स्मरण व प्रार्थना सुटते. घर बुडते हे कारण तेथे पुढे केलेले नाही, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. बुडण्याचे भय हरणाऱ्याला. वैर आणि विस्मरण जिंकणाऱ्यालाही गाठतात. घोड्यांच्या व उंटांच्या शर्यती आणि तिरंदाजी यांतील बक्षिसाला मात्र मोकळीक राहिली, कारण तेथे कसब होते.

उंट गेले, पण अबू बकरांच्या मनावर त्या शिकवणीचा ठसा खोल उमटला असावा. एकदा त्यांच्या गुलामाने काही खाद्य आणून दिले व त्यांनी ते खाल्ले. मागाहून गुलाम म्हणाला की, इस्लामपूर्व दिवसांत एकाला खोटेच भविष्य सांगितले होते, त्याची ही बिदागी. अबू बकरांनी घशात बोट घालून पोटातले सारे ओकून टाकले.

६३२ मध्ये पैगंबरांच्या पश्चात ते खलिफा झाले. बंडाळ्या मोडणे, कुराणाचे संकलन करविणे ही त्यांच्या सव्वादोन वर्षांच्या कारकिर्दीतील कामे इतिहासात विस्ताराने आली आहेत. आमच्या डोळ्यांपुढे राहते ते निराळेच चित्र. खलिफा झाल्यावरही ते कापडाचे गठ्ठे खांद्यावर टाकून बाजारास निघाले; राज्यकारभाराला वेळ उरावा म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना बेताचे वेतन घेणे भाग पाडले.

६३४ च्या ऑगस्टमध्ये तापाने अंथरुण धरल्यावर त्यांनी त्या वेतनाचा हिशेब मागितला आणि आपली जमीन विकून ती रक्कम खजिन्यात भरण्यास सांगितले. घरात खजिन्याचा एक गुलाम, पाणी वाहणारा एक उंट आणि एक जुनी चादर होती. ती नवे खलिफा हजरत उमर यांच्याकडे पोहोचली तेव्हा त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. कफनासाठी अबू बकरांनी अंगावरचेच जुने वस्त्र धुऊन घेण्यास कन्या आयेशा यांना सांगितले. नव्या कापडाची गरज मृतांपेक्षा जिवंतांना अधिक, असे त्यांचे म्हणणे पडले. त्याच रात्री पैगंबरांच्या शेजारी त्यांचे दफन झाले.